हजेरीपत्रकातलं टिंब

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्याचा गोषवारा देते.

मुलांसाठी संध्याकाळच्या अभ्यासिका चालवणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेत या ताई चौदा वर्षं आहेत. एक केंद्र त्यांच्याकडे आहे, मानधन नावापुरतं. संस्थापक सर गेले, चार वर्षांपूर्वी नवी कार्यकारिणी आली आणि कारभाराची चाल बदलली. कमी पटाची तीन केंद्रं बंद झाली. बैठकीत आता निर्णय होत नाहीत, झालेले निर्णय कळवले जातात. ताईंना सगळ्यात जास्त खुपतो तो वार्षिक अहवाल. त्यांच्या केंद्राच्या पटावर ६४ मुलं आहेत, रोज येतात चाळीस-बेचाळीस. देणगीदारांकडे जाणाऱ्या अहवालात मात्र ‘नियमित लाभ घेणारी मुले : ६४’ असं छापून येतं. त्यांनी बैठकीत विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, “ताई, तुमची तळमळ आम्हाला ठाऊक आहे,” आणि पुढचा विषय सुरू झाला. जवळचे तीन सहकारी दोन वर्षांत सोडून गेले. घरचे म्हणतात, लष्कराच्या भाकऱ्या आणखी किती दिवस भाजणार? ताई विचारतात : “या संस्थेने मला घडवलं. सोडलं तर बेइमानी वाटते, राहिलं तर ढोंग वाटतं. सरांच्या वेळी असं कधी नव्हतं. पटत नसतानाही टिकून राहणं याला निष्ठा म्हणायचं, की माझी सोडायची हिंमत होत नाही एवढंच?”

प्रिय ताई,

तुमच्या आठ पानी पत्रात पाचव्या पानावर एक ओळ आहे. तुम्ही ती सहज लिहून गेलात, पण मी तिथेच थांबले. गैरहजर मुलाच्या नावापुढे तुम्ही फुली मारत नाही, टिंब देता. हजेरीपत्रक मुलांच्या नजरेला पडतं आणि आपल्या नावापुढची फुली बघून मूल हिरमुसतं, म्हणून. ओळीने तीन टिंबं पडली की त्या मुलाच्या घरी एक चक्कर मारायची, हा तुमचा शिरस्ता. चौदा वर्षं.

अहवालात नेमकी हीच टिंबं पुसली जातात. माझ्या मते तुमचं खरं दुखणं तिथे आहे आणि बाकीच्या तक्रारी त्याच्याभोवती जमल्या आहेत. पत्रात तुम्ही सगळं एका गाठोड्यात बांधलंत : बंद झालेली केंद्रं, अध्यक्षांची बोलण्याची तऱ्हा, नव्या मंडळींची घाई, अहवालातला आकडा. एवढं जड गाठोडं उचलवतही नाही आणि टाकवतही नाही. आधी ते सोडू या.

केंद्रं बंद केली, हे तुम्हाला लागलं. पण ती बंद करणं चूक होतं का? तुम्हीच लिहिलं आहे की त्यातल्या एका केंद्रात सात मुलं उरली होती आणि शिकवायला कुणी मिळत नव्हतं. मी कार्यकारिणीत असते तर मीही कदाचित तेच केलं असतं. तुम्ही असता तर वर्षभर थांबला असता. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं काही आहे. याला मतभेद म्हणतात, आणि मतभेद पोटात घेऊन वर्षानुवर्षं एकत्र काम करता येतं. प्रत्येक ठराव आपल्या मनासारखा व्हावा असा हट्ट धरला तर माणसाला एकट्याचीच संस्था काढावी लागेल. आणि तिथेही सोमवारचा निर्णय गुरुवारी पटत नाही, हा माझा अनुभव.

आकड्याचं तसं नाही. चाळीस मुलं येतात की चौसष्ट, यावर दोन मतं असू शकत नाहीत. हजेरीपत्रक उघडलं की उत्तर मिळतं. इथे कुणी तुमच्याशी असहमत नाही. खरं काय ते सगळ्यांना माहीत आहे आणि दुसरंच छापलं जातं आहे. तुमच्यासारखी पत्रं मला बरीच येतात. कुणी पक्षातलं असतं, कुणी कामगार संघटनेतलं, कुणी एखाद्या न्यासातलं. सगळ्यांची पहिली गफलत हीच असते. पटत नाही आणि खोटं आहे या दोन गोष्टी ते एकाच आवाजात बोलतात. मग ऐकणाऱ्यांना दुसरीही पहिलीसारखीच ऐकू येते : ताईंना हल्ली काहीच पटत नाही.

आता सरांविषयी थोडं. रागावू नका. “सरांच्या वेळी असं कधी नव्हतं,” असं तुम्ही तीनदा लिहिलं आहे. पण तिसऱ्या पानावर तुम्हीच सांगता की सर उभ्या उभ्या निर्णय घ्यायचे आणि तुम्ही सगळे दुसऱ्या दिवशी सतरंज्या उचलून नव्या जागी हजर. म्हणजे तेव्हाही तुम्हाला कुणी विचारत नव्हतं. निर्णय पटत होते, म्हणून न विचारणं खुपत नव्हतं. सरांचा मोठेपणा यामुळे कमी होत नाही. पण विचारून निर्णय घ्यायची सवय संस्थेला त्यांनी लावली नाही, आणि तुम्हीही कधी मागितली नाहीत. आज जी खुर्ची तुम्हाला इतकी ताकदवान वाटते, ती त्या दिवसांत घडली. आज त्या खुर्चीवर दुसरं माणूस बसलं आहे. म्हणून ‘चांगले नेते परत यावेत’ एवढीच तुमची इच्छा असेल, तर जरा थांबा. नेता कसाही असला तरी अहवालातला आकडा हजेरीपत्रकाशी जुळलाच पाहिजे, अशी व्यवस्था मागा. ती पुढच्या नेत्याच्या वेळीही उपयोगी पडेल.

आणि निष्ठा. तुम्ही ‘संस्थेशी’ निष्ठा म्हणता. संस्था म्हणजे नक्की कोण? अध्यक्ष? सरांची आठवण? लेटरहेड? की संध्याकाळी सहा वाजता दप्तर घेऊन येणारी ती चाळीस मुलं? आणि न येणारी बावीस-चोवीस?

आगरकर आणि टिळक यांची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. पण ती भांडणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, म्हणून तिच्यातला एक तपशील निसटतो. ‘केसरी’ १८८१ मध्ये सुरू झाला तेव्हा आगरकर त्याचे संपादक. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनी मिळून डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. याहून घट्ट नातं काय असणार? पुढे सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर आगरकरांची मतं आणि बाकीच्या मंडळींची मतं जुळेनात. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. निसटतो तो तपशील पुढचा आहे. पत्र सोडलं तरी दोघांनी मिळून उभ्या केलेल्या शिक्षणसंस्थेतून आगरकर बाहेर पडले नाहीत. तिथून १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच होते. म्हणजे एकाच माणसाने एक जागा सोडली आणि दुसरी धरून ठेवली. जिथे स्वतःच्या नावाखाली स्वतःला न पटणारं छापावं लागलं असतं, ती सोडली. जिथे शिकवता येत होतं, ती धरली. दोघांपैकी बेइमान कोण, असा प्रश्न आज कुणी विचारत नाही.

तुम्ही ‘राहू की जाऊ’ असं विचारता. मी विचारते, कशात राहता आणि कशातून जाता? केंद्रात राहून अहवालाच्या कामातून बाहेर पडता येईल का? समितीचं पद सोडून शिकवणं चालू ठेवता येईल का? या दोन टोकांमध्ये बरीच जागा असते. रागात आणि दुःखात ती दिसत नाही.

पण राहायचं तर कसं, हे बघायला हवं. अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञांनी १९७० साली नेमकं यावरच एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवात झाली नायजेरियातल्या रेल्वेपासून. तिथली रेल्वे रडतखडत चालायची. शेजारी ट्रक धावू लागले, स्पर्धा आली. रेल्वे सुधारायला हवी होती, पण सुधारली नाही. कारण ज्यांचा माल वेळेवर पोचणं गरजेचं होतं, ज्यांनी आरडाओरडा केला असता, ते सगळे ट्रककडे गेले. मागे उरले ते न बोलणारे. तोटा सरकारी तिजोरीतून भरून निघत होता, त्यामुळे गेलेल्या गिऱ्हाइकांची झळही कुणाला लागली नाही. तुमचे तीन सहकारी गेले. ते बोलणारे होते ना? आता बैठकीत तुमचा आवाज एकटा पडतो तो का, हे यावरून कळेल. हर्शमन म्हणतात, निष्ठेचा उपयोग इथेच होतो : ती माणसाला लगेच निघून जाऊ देत नाही आणि बोलायला वेळ मिळवून देते.

हा झाला राहण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. पण त्यात एक अट लपलेली आहे. मिळालेल्या वेळात बोलायला हवं. न बोलता राहणाऱ्या माणसाच्या निष्ठेचा फायदा फक्त खुर्चीला होतो.

इथे मी माझं सांगते. एका संस्थेत मी सात वर्षं होते आणि शेवटची दोन वर्षं बैठकीत वहीच्या मागच्या पानांवर चौकोन काढत बसायची. चौकोनात चौकोन, त्यात आणखी एक. बाहेर आल्यावर मात्र जिन्यात उभं राहून आम्ही तिघीचौघी तासभर नेत्यांची उणीदुणी काढायचो आणि आपण फार निर्भीड आहोत असं समजायचो. सोडताना ती वही हाती लागली. चौकोनांची अकरा पानं भरली होती. त्या दोन वर्षांच्या इतिवृत्तांत माझ्या नावावर एकही वाक्य नव्हतं. लोक मला तेव्हा ‘निष्ठावंत’ म्हणायचे.

दुसरा धोका याच्या उलटा आहे आणि तुमच्या बाबतीत मला तो जास्त वाटतो. बोलत राहायचं आणि त्याने काहीही बिघडायचं नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात जॉर्ज बॉल नावाचे वरिष्ठ अधिकारी होते. व्हिएतनामच्या युद्धात आणखी उतरू नका, असं ते अध्यक्ष जॉन्सन यांना वारंवार लिहून आणि बोलून सांगत. त्यांना कुणी गप्प केलं नाही. उलट, विरोधी बाजू मांडणारा आपला हक्काचा माणूस म्हणून त्यांचं ऐकून घेतलं जाई. ते बोलत, बाकीच्यांना आपण सर्व बाजूंचा विचार केल्याचं समाधान मिळे, आणि सैन्य वाढत जाई. १९६६ मध्ये ते बाहेर पडले. “ताई, तुमची तळमळ आम्हाला ठाऊक आहे” हे वाक्य वाचताना मला बॉल आठवले. तुमच्या संस्थेत तुम्ही तळमळीच्या खात्यावर जमा आहात. दर बैठकीत दोन मिनिटं तळमळ, मग पुढचा विषय.

त्या खात्यातून बाहेर पडायचं तर बोलण्याची जागा बदला. तोंडी बोललेलं हवेत विरतं. अध्यक्ष आणि सचिवांना एक पानाचं पत्र लिहा. त्यात केंद्रं, सर, वागणूक, जुने दिवस यातलं काहीही नको. फक्त आकडा : पटावर इतकी, गेल्या तीन महिन्यांची सरासरी हजेरी इतकी, अहवालात छापलं इतकं, पुढच्या अहवालात दुरुस्ती व्हावी. खाली तारीख आणि सही, आणि पोच घ्या. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी मागा. चर्चा होऊनही तसंच छापायचं ठरलं, तर ‘माझा विरोध इतिवृत्तात नोंदवावा’ एवढं एकच वाक्य उभं राहून म्हणा. इतिवृत्त कायम होताना तो नोंदला आहे का, ते बघा. हे कोरडं वाटेल. पण संस्था कागदावर चालतात आणि कागदाला कागदानेच उत्तर द्यावं लागतं. तुम्ही सभासद असाल तर संस्थेची घटना काढून एकदा शांतपणे वाचा. सर्वसाधारण सभेत कोण काय विचारू शकतं, किती सभासदांनी मागणी केली तर विशेष सभा बोलवावी लागते, हिशेब तपासनीस कोण नेमतं, हे बहुतेक कार्यकर्त्यांना चौदा वर्षांनंतरही माहीत नसतं. मला सात वर्षांनंतरही नव्हतं.

एकटीने जाऊ नका. दुसऱ्या केंद्रांवरही हाच घोळ असणार. दोन केंद्रप्रमुख बरोबर आले, तर अध्यक्षांना तळमळीचं वाक्य तिघींना उद्देशून म्हणावं लागेल, आणि ते अवघड जातं. व्हॉट्सअॅपच्या गटावर मात्र हा विषय काढू नका. तिथे बाजू घेतल्या जातात आणि आकडा बाजूला राहतो.

पत्र लिहिताना कार्यकारिणीला मागे यायला वाट ठेवा. ‘तुम्ही देणगीदारांना फसवता’ असं लिहिलंत तर ते आकड्याचा बचाव करत बसतील. ‘पट आणि सरासरी हजेरी असे दोन वेगळे रकाने असावेत’ असं लिहिलंत तर कुणाचं नाक कापलं जात नाही. कदाचित हे कुणी दुष्टपणाने सुरू केलंही नसेल. तक्ता बनवणाऱ्या मुलाला पटाचा आकडा हाताशी मिळाला, त्याने तो टाकला, दिसायला बरा दिसला आणि राहिला. पहिल्या वर्षी ती चूक असते. दाखवून दिल्यावरही राहिली की तिचं नाव बदलतं.

आणि या आकड्याचा जो मुद्दा तुम्ही पत्रात मांडलाच नाही, तो बैठकीत मांडा. तुम्ही देणगीदारांच्या विश्वासाबद्दल लिहिलंत, ते ठीकच आहे. पण चौसष्टच्या चौसष्ट मुलं नियमित येत आहेत असं एकदा छापलं की न येणाऱ्या बावीस मुलांच्या घरी कुणी जायचं कारणच उरत नाही. त्यांच्यासाठी माणूस मागता येत नाही, वेळ मागता येत नाही, पैसा मागता येत नाही, कारण कागदावर ती वर्गात बसलेली आहेत. कार्यकारिणीतल्या एकाला तरी हे लागेल. न लागलं तर तुम्हाला त्यांच्याबद्दल बरंच काही कळलेलं असेल.

सोडण्याबद्दल. ‘मी गेले तर केंद्र बंद पडेल’ असं तुम्ही लिहिता. पडू शकतं, मी खोटा दिलासा देणार नाही. पण हेच वाक्य तुम्हाला तिथे बांधून ठेवणारा दोरही आहे, आणि त्याचं एक टोक तुम्ही स्वतः धरलं आहे. चौदा वर्षांत तुमच्या जागी उभं राहील असं कुणी तयार झालं नसेल, तर राहायचं ठरवलंत तरी पहिलं काम तेच. एखाद्या मोठ्या विद्यार्थिनीला आठवड्यातले दोन दिवस केंद्र सांभाळू द्या. तुम्ही राहिलात तर तिची मदत होईल, गेलात तर मुलं उघड्यावर पडणार नाहीत.

कुठवर थांबायचं, हे आत्ताच, डोकं शांत असताना ठरवा आणि तारीख घालून स्वतःच्या वहीत लिहा. मर्यादा आधी आखली नाही तर ती रोज बोटभर मागे सरकते आणि सरकल्याचं कळतही नाही. माझी सूचना अशी : मतभेदाला मर्यादा नको, तो चालू दे. सहीला मर्यादा हवी. खोट्या आकड्याखाली तुमची सही मागितली गेली तर ती द्यायची नाही, आणि सही न दिल्याबद्दल केंद्र काढून घेतलं तर निघायचं. ‘मी सोडून जाईन’ अशी धमकी मात्र देऊ नका. खरोखर निघणार असाल तेव्हाच, एकदाच सांगा. दर बैठकीत राजीनामा खिशातून काढणाऱ्या माणसाच्या राजीनाम्याची सगळे वाट बघू लागतात.

निघावंच लागलं तर कारण सांगून निघा. ‘वैयक्तिक अडचणींमुळे’ असं लिहिणं सोयीचं असतं, पण मग तुमच्या जाण्याचाही कुणाला उपयोग होत नाही. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं, तेव्हा कारणं लोकसभेत उभं राहून सांगितली. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि काम करत राहिले. पद सुटलं तरी काम सुटलं नाही. तुमच्याकडे लोकसभा नाही. दोन परिच्छेदांचं पत्र पुरेल.

ज्यांचा पगार अशा संस्थेतून येतो, घर त्यावर चालतं, त्यांना माझं हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. त्यांनी आधी दुसरी सोय बघावी, मग पत्र लिहावं. तोवर निदान स्वतःच्या हाताने खोटं लिहू नये आणि खऱ्या नोंदींची एक प्रत नीट जपून ठेवावी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्यांना भित्रं म्हणण्याचा अधिकार मला नाही.

आणि तुम्ही विचारलंत, ही निष्ठा की हिंमत नसणं? दोन्ही थोडं थोडं असेल. मिसळलेलं असतं ते. आपलेच दात, आपलेच ओठ, तिथे चावा कुणी घेतला हे शोधत बसण्यात अर्थ नाही. चौदा वर्षांची माणसं, सरांचा फोटो, केंद्राची किल्ली तुमच्या पदराला. सोडताना हात थरथरणारच. थरथरत्या हातानेही पत्र लिहिता येतं.

महिनाअखेरीला तुमच्याकडून तक्ता मागतील. या वेळी छापील तक्त्यात पेनाने एक उभी रेघ ओढा आणि एकाचे दोन रकाने करा. एकावर ‘पट’ लिहा, दुसऱ्यावर ‘सरासरी हजेरी’. खाली सही करा, एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा आणि पाठवून द्या. तो परत आला तर कोणत्या शेऱ्यासह आला, ते मला कळवा.